मचाणावर तासन्‌तास बसायचंय? आधी पायांचं बघा

कडाक्याच्या थंडीत शिकारी मचाणावरून लवकर उतरतो, तो बहुतेक वेळा पायांमुळे. अंगात जाड जॅकेट असतं, कानटोपी असते, हातमोजे असतात. तरी तासाभरात पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग ती ठणकायला लागतात आणि शेवटी काही जाणवेनासंच होतं. नेमकं तेव्हाच उजाडत असतं, जनावर हलायला लागलेलं असतं आणि आपण शिडीवरून खाली.

माझा पहिला हंगाम असाच गेला. थंडी वाजते ना, मग घाला तीन जोड मोजे, असा साधा हिशोब होता. बूट कसेबसे चढले, नाड्या करकचून बांधल्या आणि पाठीवर सगळं सामान घेऊन अर्धा तास झपाझप चालत मचाण गाठलं. आठ वाजेपर्यंत पाय लाकडाचे झाले. खाली आलो तेव्हा माझ्याबरोबरच्या वयस्कर शिकाऱ्यांनी मला बूट काढायला लावला, आतला मोजा हातात घेतला आणि पिळला. पाणी गळलं नाही, पण त्यांचा तळहात ओला झाला. "थंडीनं नाही, तुझ्याच घामानं गारठलास," ते म्हणाले. त्यांच्या पायात एक पातळ आणि एक जाड असे दोनच मोजे होते, आणि ते संध्याकाळपर्यंत बसणार होते.

मचाणावर पाय गारठतात त्याची सुरुवात वाटेवर झालेली असते. म्हणून या लेखात बसण्याआधीच्या गोष्टी जास्त आहेत आणि बसल्यावरच्या कमी.

पाय इतके का गारठतात

शांत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता तयार करतं. भराभर चालताना तीच तीन-चार पट होते, चढावर ओझं घेऊन चालताना त्याहून जास्त. म्हणजे चालताना आपण शेगडी असतो आणि बसल्यावर मिणमिणता दिवा. त्यात पायाच्या पंजात मोठे स्नायू नाहीत. तिथली ऊब जवळजवळ सगळी रक्तातून येते. धड गार पडायला लागलं की शरीर आधी काळीज-फुप्फुसं सांभाळतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. त्यामुळे बूट कितीही भारी असला तरी आत येणारी ऊबच आटते. बूट ऊब तयार करत नाही, असलेली राखतो एवढंच.

दुसरं कारण पाणी. पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट सहज निघून जाते. तळव्यांवर घामाच्या ग्रंथी दाटीनं असतात. चालताना मोजा भिजला, की त्यातल्या धाग्यांमध्ये अडकलेल्या उबदार हवेची जागा पाणी घेतं.

सैन्यानं हा धडा फार महागात शिकला. 1950 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोरियातल्या चोसिन जलाशयापाशी लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या पायात शू-पॅक नावाचे बूट होते: खाली रबर, वर चामडं, आत फेल्टचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा, तळवा. चालताना पाय घामानं चिंब व्हायचे आणि मोर्च्यावर थांबलं की तो घाम आतच गोठायचा. हिमदंशानं हजारो सैनिक जायबंदी झाले. पुढे दोन रबरी थरांच्या मध्ये लोकर कायमची बंद केलेले बूट आले. घाम असो वा बाहेरचं पाणी, लोकरीपर्यंत काही पोचतच नाही. काळ्या बुटांना सैनिक गमतीनं मिकी माउस बूट म्हणत, पांढऱ्यांना बनी बूट. पांढरे उणे 54 अंश सेल्सिअसपर्यंतच्या थंडीसाठी होते. बेढब आणि जड, पण कल्पना अचूक.

चालून घामेजणं आणि मग थांबणं. मचाणावरचा शिकारी रोज पहाटे नेमकं हेच करतो.

बूट निवडताना

बुटावर 200, 400, 800, 1200 असे आकडे दिसतात. नवख्यांना ते बुटाचं वजन वाटतं. तसं नाही. आतल्या इन्सुलेशनच्या, म्हणजे ऊब राखणाऱ्या थराच्या, एका चौरस मीटर कापडाचं ते ग्रॅममधलं वजन असतं. 200 ते 400 चा बूट चालायला चांगला. तासन्‌तास बसायचं तर 800 पासून पुढे बघा. पेटीवर एखादं तापमान छापलेलं असेल, तर ते हलत्या पायांसाठी आहे असं समजा आणि बसणाऱ्यानं त्यावर फार विसंबू नये.

माझी पसंती आतलं अस्तर बाहेर काढता येणाऱ्या बुटांना. रबरी तळ, वर चामडं किंवा कापड, आत फेल्टचा जाड वेगळा बूट. कारण एकच: रात्री अस्तर काढून वाळवता येतं. अस्तराच्या दोन जोड्या असल्या तर आलटून पालटून वापरता येतात. पूर्ण रबरी बुटांचे चाहते खूप आहेत, वास मागे राहत नाही म्हणून. पण रबरातून घामही बाहेर पडत नाही. ते घालणार असाल तर पुढचा चालण्याबद्दलचा भाग दोनदा वाचा.

माप नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठं घ्या. बूट संध्याकाळी घालून बघा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि ज्या मोज्यांसह वापरणार तेच मोजे घालून बघा. आत पाचही बोटं मोकळी हलली पाहिजेत. हलत नसतील तर बूट कितीही महाग असो, परत ठेवा. घट्ट बुटानं दुहेरी नुकसान होतं: इन्सुलेशन दाबलं जाऊन त्यातली हवा जाते आणि रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन ऊब येणंही थांबतं. माझे तीन जोड मोजे हेच करत होते.

मोजे

सुती मोजे घरी ठेवा. सूत घाम पितं आणि धरून बसतं.

आत पातळ मोजा, मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक. त्यावर जाड लोकरीचा. एवढं पुरे. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि दमट झाली तरी बरीचशी ऊब राखते. म्हणून इतकी नवी कापडं येऊनही जुने शिकारी लोकर सोडत नाहीत. मोज्याच्या वरच्या काठाचं इलॅस्टिक पोटरीला काचत असेल तर तो मोजा बाद. थर्मल पँटचा काठ मोज्यात कोंबून तिथे वळकटी होते, तीही असंच काचते. काठ सपाट बसवा.

आदल्या रात्री

बूट आणि अस्तर घरात, उबेत ठेवा. गाडीच्या डिकीत रात्रभर राहिलेले बूट पहाटे बर्फाचे असतात आणि ते गरम करण्यात पायांची सगळी ऊब खर्च होते.

तळव्यांना फार घाम येत असेल तर झोपण्यापूर्वी घाम रोखणारं, बिनवासाचं अँटिपर्स्पिरंट लावा. काखेत लावतात तेच. पण हंगामाच्या पहाटे पहिल्यांदा लावून उपयोग नाही, चार-पाच रात्री आधीपासून लावावं लागतं. त्वचेला भेगा असतील किंवा जळजळ झाली तर सोडून द्या.

बॅटरीवर चालणारे गरम मोजे असतील तर चार्जिंगला लावा, विसरू नका. मी विसरलोय.

गाडीतून मचाणापर्यंत

या लेखातला एकच भाग पाळायचा असेल तर हा पाळा.

गाडीत शिकारीचे बूट घालून हीटरची गरम हवा पायांवर सोडू नका. साधे बूट घाला, पोचल्यावर बदला. बरेच जण गाडीतच अर्धे भिजतात आणि दोष मचाणाला देतात. दुसरा फायदा म्हणजे पेट्रोल पंपावरचा वास शिकारीच्या बुटांना लागत नाही.

चालायला हलके बूट आणि एकच पातळ मोजा. जड बूट नाड्यांनी एकमेकांना बांधून पाठीवरच्या पिशवीला लटकवा, कोरडे मोजे, पातळ आणि जाड दोन्ही, पिशवीच्या आत. वाट अगदी दहा मिनिटांची असेल आणि दोन-दोन बूट नेणं जड वाटत असेल तर निदान जड बुटांच्या नाड्या सैल सोडा आणि जाड मोजा खिशात ठेवा.

अंगातलंही कमी करा. जाड जॅकेट पिशवीला बांधा, टोपी काढा. पहिली पाच मिनिटं थोडं कुडकुडायला झालं तर तुमचं बरोबर चाललंय. वीस मिनिटं आधी निघा आणि निम्म्या वेगानं चाला. घाम फुटतोय असं वाटलं की थांबा. अंधारात घाई केली की आवाजही होतो, तो वेगळा तोटा. वाटेत दवानं किंवा हिमानं भिजलेलं गवत असेल तर गुडघ्यापर्यंत गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीवर चढणारी आवरणं, बांधा, नाहीतर पाणी पँटवरून ओघळत बुटात उतरतं.

झाडाखाली

मचाणाखाली पोचलात की लगेच वर चढू नका. पाच मिनिटं उभे राहा, अंगाची वाफ जाऊ द्या. मग ओला मोजा काढा, पाय छोट्या टॉवेलनं पुसा, बोटांच्या बेचक्यांतही पुसा. कोरडा पातळ मोजा, त्यावर जाड, मग जड बूट. हे सगळं खालीच करायचं. वर, एका पायावर तोल सावरत बूट बदलणं म्हणजे पडायला निमंत्रण. उभं राहायला फोमचा तुकडा सोबत असला तर मोजा बदलताना पाय चिखलात टेकवावा लागत नाही.

चढण्यापूर्वी पूर्ण शरीराचा हार्नेस, म्हणजे पडलात तर धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे. जमिनीवर असतानाच घाला आणि वर-खाली जाताना झाडाला बांधलेल्या दोराला अडकवलेला ठेवा. बंदूक रिकामी करून दोरीनं नंतर वर ओढून घ्या. याचा पायांच्या उबेशी संबंध काय असं वाटेल. बधीर पायाला शिडीची पायरी कळत नाही. हाच संबंध.

प्लॅस्टिकच्या पिशवीची युक्ती

पारा शून्याच्या खूप खाली असेल तर जुन्या लोकांची एक युक्ती चालते. पातळ मोजा, त्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी, त्यावर जाड मोजा. घाम पिशवीच्या आतच राहतो, जाड मोजा आणि बुटाचं अस्तर दिवसभर कोरडं. बनी बुटांमागचं तत्त्व हेच, फक्त फुकटात. पाय आत थोडा चिकट लागतो, त्याची सवय करावी लागते. मात्र हे रोज, दिवसचे दिवस करू नका. सतत ओलसर राहिलेली कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि सोलवटते. संध्याकाळी पाय पूर्ण कोरडे करून मोकळे ठेवा. पारा शून्याच्या आसपासच असेल तर या खटाटोपाची गरज नाही.

वर बसल्यावर

सगळ्यात आधी पायाखाली बघा. मचाणाचा तळ बहुधा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या जाळीचा असतो. धातू सोलमधून ऊब ओढून घेतो आणि जाळीतून खालचा वारा लागतो. व्यायामाच्या किंवा झोपायच्या फोमच्या चटईचा एक तुकडा, नाहीतर जुन्या गालिच्याचा, तिथे घाला. कोपऱ्यांना भोकं पाडून घट्ट बांधा, म्हणजे सरकणार नाही आणि उडणारही नाही. बूट जाळीवर घासल्याचा आवाजही यानं थांबतो. एवढ्या थोडक्या कष्टात इतकं सुख देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

बुटांवरून चढवायच्या जाड पिशव्या, म्हणजे बूट कव्हर, बसून राहणाऱ्यांसाठी उत्तम. त्या वर पोचून, हार्नेस अडकवून, बसल्यावरच घालायच्या. त्या घालून चालायचं नाही आणि शिडीवर तर मुळीच नाही. पाय गारठण्याआधी घाला. गारठलेल्या पायावर घातलं तर ते गारच राहतात.

आता वॉर्मरच्या पुड्या. त्यात लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी असतं. हवा लागली की लोखंड गंजतं आणि गंजताना ऊब देतं. म्हणजे पुडीला हवा हवी. हातांसाठीची पुडी बंद बुटात घातली की गुदमरून थंड पडते आणि आपण म्हणतो माल खराब. पायांसाठीच्या पुड्या कमी हवेत चालतील अशा केलेल्या असतात, बुटात त्याच घाला. पाकीट फोडून काही मिनिटं उघड्या हवेत ठेवा, ऊब आली की मोज्यावर चिकटवा. मला ती बोटांच्या वरच्या बाजूला बरी वाटते, खाली चिकटवली की टोचते. उघड्या कातडीवर कधीही नको, भाजतं. बूट आधीच घट्ट असेल तर पुडी घातल्यानं तो आणखी घट्ट होईल, तेव्हा ती बूट कव्हरच्या आत, बुटाच्या बाहेरून ठेवा. तिथे हवाही जास्त मिळते. अर्धी वापरलेली पुडी हवाबंद पिशवीत, हवा काढून ठेवली की तिचं गंजणं थांबतं आणि उरलेली ऊब पुन्हा वापरता येते.

बॅटरीचे मोजे असतील तर पहिल्यापासून सर्वात कमी पातळीवर चालू ठेवा. गारठल्यावर एकदम वाढवून बॅटरी संपते आणि पाय गार ते गारच. थंडीत लिथियम बॅटरी तशीही कमी टिकते, म्हणून ती पँटच्या आत राहू द्या.

मधुमेह असेल, पायाला संवेदना कमी असतील किंवा थंडीत बोटं पांढरीफटक पडायचा त्रास असेल, तर पुड्या आणि बॅटरीचे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. भाजलेलं कळतच नाही, हा धोका आहे.

बाकी सगळं अंगाचं. चालताना काढलेलं जॅकेट आणि टोपी आता घाला, गार वाटायची वाट न बघता. मान आणि मांड्या झाका. निम्मी ऊब डोक्यातून जाते असं पूर्वी सांगत, ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या दहाव्या हिश्शाएवढं, उघडं असेल तर ऊबही साधारण तेवढीच जाते. पण बाकी सगळं झाकलेलं असताना तेवढीसुद्धा घालवायची कशाला? पोटात काहीतरी असू द्या, पाणी पीत राहा. सिगारेटनं रक्तवाहिन्या आवळतात, दारूनं कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावून धडाची ऊब बाहेर जाते. आणि बंदूक हातात असताना दारूचा विषयच नको.

हालचाल करायची, पण बुटाच्या आत. बोटं वळवा, सोडा, वीसेक वेळा. टाचा तळाला दाबा, मग चवडे. मांड्या आवळून दहापर्यंत मोजा. जनावराला काही दिसत नाही आणि पोटऱ्यांतून रक्त फिरतं. बैठकीची कड मांडीखाली रुतत असेल तर पायाचा रक्तपुरवठा तिथेच अडतो. गादी थोडी पुढे सरकवा किंवा पायाखाली उंची द्या. दर तासाला, आजूबाजूला काही नाही हे नीट बघून, दोन मिनिटं सावकाश उभे राहा.

एक गंमत. गारठलेली बोटं मध्येच काही मिनिटं आपोआप गरम होतात, मग पुन्हा गार. शरीर आवळलेल्या रक्तवाहिन्या थोडा वेळ उघडतं. ब्रिटिश वैद्य थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये याचं वर्णन केलं आणि इंग्रजीत त्याला चक्क 'हंटिंग रिस्पॉन्स' म्हणतात. शिकारीशी संबंध नाही, तापमान वरखाली हेलकावतं म्हणून ते नाव. त्यावर भरवसा ठेवू नका. धड गारठलं की हे हेलकावेही मंदावतात.

कधी उतरायचं

दुखणं ही सूचना आहे. दुखता दुखता एकदम दुखायचं थांबलं आणि बोटं हलतात की नाही हेही कळेना, तर उतरा. समोर कितीही मोठं जनावर येणार असं वाटत असलं तरी. उतरण्यापूर्वी बूट कव्हर काढा, बंदूक रिकामी करून दोरीनं खाली सोडा, बसल्या जागी दोन-तीन मिनिटं पाय हलवा. मग हार्नेस दोराला अडकवलेला ठेवून, प्रत्येक पायरीवर नजरेनं पाय ठेवत या. पायाच्या अंदाजावर जाऊ नका, तो अंदाज आत्ता तुमच्याकडे नाही.

गाडीशी पोचून बूट काढल्यावर एखादं बोट पांढरं किंवा राखाडी, मेणासारखं कडक दिसलं आणि स्पर्श कळत नसेल, तर तो हिमदंश समजा. चोळू नका, बर्फानं तर नकोच. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर धरू नका. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर तिथे गरम करायलाच घेऊ नका, कारण वितळून पुन्हा गोठलेलं बोट जास्त बिघडतं. ओलं काढा, कोरडं सैल गुंडाळा आणि डॉक्टरांकडे जा. तिथे 37 ते 39 अंश सेल्सिअसच्या पाण्यात बुडवून ते गरम करतात. तेव्हा चांगलंच दुखतं.

परतल्यावर

बूट दाराशी टाकून झोपू नका. अस्तर आणि आतला तळवा काढून वेगवेगळे, उबदार खोलीत, हवा खेळती राहील असे उभे करा. अस्तर निघत नसेल तर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासा-दोन तासांनी बदला. पहिले बोळे हाताला किती ओले लागतात ते बघा, आपण दिवसभर कशावर पाय ठेवून बसलो होतो ते कळेल. शेगडीला टेकवून वाळवू नका. चामडं तडकतं, सोलचा गोंद सुटतो आणि धुराचा वास बसतो तो वेगळाच. शेवटचा बोळा कोरडा निघेपर्यंत बदलत राहा, मग बूट घराच्या आत ठेवा. डिकीत नको.